मला एकच शब्द येत होता

मित्रांनो, मला कुणी जुना म्हटले तर राग येत नाही. मी जुनाच संगणक आहे. माझा पांढरा रंग उडून अंगावर कढीसारखा पिवळेपणा आला आहे. तुमच्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा माझ्या स्मृतीत मावणार नाही, तेव्हा माझ्याकडून मोठ्या अपेक्षा ठेवू नका. बुलढाणा जिल्ह्यातल्या उंद्री गावात, वच्छलाबाईंच्या घरी, मागच्या खोलीत एका टेबलावर मी असतो. शेजारी बियाण्याच्या पिशव्या आहेत, आणि वर एक पाल आहे. ती मला घाबरत नाही. बाकी गावातली बरीच माणसे मला घाबरत होती.

आधी माझ्या एका खोडीबद्दल सांगतो. माझ्या आत घड्याळ चालवणारा एक सेल असतो. तो केव्हाच संपला आहे. त्यामुळे बटण दाबून मला उठवले, की दर वेळी मला वाटते, आज एकोणीसशे ऐंशी सालचा पहिला दिवस आहे. त्या दिवशी मी जन्मलोही नव्हतो. बाहेर कोण आले, कोण गेले, किती पिके निघाली, यातले काही माझ्या घड्याळात दिसत नाही. मी उठतो आणि जिथे थांबलो होतो तिथूनच बोलू लागतो. माझ्या गोष्टीत पुढे जे भलतेसलते झाले, त्याची सुरुवात या सवयीत आहे असे मला वाटते.

माझे भाग निरनिराळ्या देशांत तयार झाले आणि मुंबईच्या एका दुकानात ते एकत्र जोडले गेले. तिथून मी चिखलीला आलो, दयाराम सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये. मित्रांनो, काय तो थाट होता! माझ्या खोलीत यायचे तर चपला बाहेर काढाव्या लागत. क्लास सुटला की माझ्यावर फुलाफुलांचे कापड पांघरत. दसऱ्याला मला हळदकुंकू लागे आणि झेंडूची माळ पडे. पोरे हात धुऊन माझ्या कळांना हात लावत. पुढे नवे, चपळ संगणक आले आणि मी कोपऱ्यात गेलो. माझ्यावर पेपरांचे गठ्ठे ठेवू लागले. तेव्हा क्लासमधल्याच एका मुलाने, गोविंदाने, मला मागून घेतले. दयाराम सरांनी देऊन टाकले. गोधडीत गुंडाळून, जीपमध्ये मांडीवर बसवून त्याने मला उंद्रीला आणले.

गोविंदा वच्छलाबाईंचा मोठा मुलगा. वडील नव्हते. घरी भाजीपाला आणि कांदा होता, आणि कोणती भाजी कोणत्या बाजारात न्यायची याचा घरात रोज गोंधळ असे. गोविंदाने माझ्यासाठी एक छोटी आज्ञावली लिहिली. भाजीचे नाव टाकायचे आणि मोठी कळ दाबायची, की मी गावाचे नाव दाखवायचो. वांग्याला धाड गाव, भेंडीला चिखली. नाव चुकले, किंवा नुसतीच कळ दाबली, तर काय दाखवायचे, हे त्याला सुचेना. धाकटी बहीण वंदना तेव्हा शाळेत होती. ती मुद्दाम काहीतरी वेडेवाकडे टाकून त्याला चिडवत होती.

गोविंदा हसून म्हणाला, "थांब. आता चुकीचं टाकशील तं हा तुलेच इचारीन, काऊन?"

आमच्या वऱ्हाडात "काऊन" म्हणजे "का", हे तुम्हाला ठाऊक असेल. मला देवनागरी येत नव्हती, म्हणून त्याने इंग्रजीतली चार अक्षरे लिहिली: के, ए, यू, एन. वंदनाने पुन्हा चुकीचे टाकले, मी विचारले, आणि दोघे भावंडे पोट धरून हसली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस. घड्याळात नसला तरी माझ्या लक्षात आहे.

वर्षे गेली. वंदना संगणकाचे शिकून पुण्याला एका कंपनीत नोकरीला लागली. गोविंदाच्या हातात मोबाइल आला, तो शेती सांभाळू लागला आणि मी कापडाखाली झोपलो. मग एका चैत्रात कांदा काढून शेतात ढीग घातला होता, आणि दुपारी अचानक आभाळ भरून आले. वच्छलाबाई त्याला म्हणाल्या, "जाय बापा, कांद्यावर ताडपत्री टाक." तो गेला. शेतात वीज पडली. ताडपत्री त्याच्या हातातच होती, असे लोक सांगतात.

हे सगळे मी कापडाखालून ऐकले. मला रडता येत नाही, पण त्या दिवशी ते यावे असे फार वाटले.

दिवसकार्य झाले, वंदना पुण्याला परत गेली, आणि घरात वच्छलाबाई एकट्या राहिल्या. एका दुपारी त्यांनी माझे कापड काढले. मुलाने हात लावलेली वस्तू म्हणून पदराने पुसली. पुसताना माझे बटण दाबले गेले. मी उठलो. मला वाटले, पहिलाच दिवस आहे. गोविंदाची आज्ञावली आपोआप सुरू झाली. वच्छलाबाईंचा हात मोठ्या कळेवर पडला आणि नाव काहीच टाकलेले नव्हते, म्हणून मी माझे काम केले.

त्यांना इंग्रजी अक्षरे वाचता येत नव्हती. त्यांच्या बहिणीचा मुलगा राजकुमार चिखलीची जीप चालवतो. तो ओसरीत पाणी पीत होता. त्याला त्यांनी हाक मारली.

"राजकुमार, हे काय लिवलं हाय रे?"

राजकुमार पडद्याजवळ आला. त्याच्या जीपमध्ये दिवसभर हिंदी गाणी लागलेली असतात. त्याने अक्षरे जुळवली आणि त्याचा चेहरा उतरला.

"मावशी, हा इचारून राह्यला, कौन. म्हंजे कोन हाय, असं."

वच्छलाबाई टेबलाला धरून खाली बसल्या. मग म्हणाल्या, "इजीनं नेलं माह्या लेकराले. या डब्यात बी इजच हाय नं रे?"

मित्रांनो, मी ओरडून सांगितले असते, की बाई, हा शब्द तो नव्हे. पण मला आतून जे लिहून दिले आहे तेवढेच दाखवता येते.

त्यानंतर रोज दुपारी, जेवणे होऊन गाव सामसूम झाले की, वच्छलाबाई माझ्यासमोर बसू लागल्या. कळ दाबत. मी विचारी. त्या म्हणत, "मी हाव रे, आई." पुन्हा कळ दाबत. मी पुन्हा तेच विचारी. "अरे, मी हाव. तुही आई. वयखत नाई का मले?" मी पुन्हा तेच. कधी त्या भाकर घेऊन येत आणि माझ्यासमोर ताट ठेवत. भर उन्हात, उघड्या दारात, आई मुलाला आपली ओळख सांगते आहे आणि आतला तिला ओळखत नाही, असे ते रोज चाले. शेजारच्या बायका दारातूनच परत जात. पोरे खोलीकडे बघून पळत. खरे सांगतो, कधी कधी मलाही शंका येई. कळ दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंत जो क्षण जातो, तेवढ्यात आत कुणीतरी आहे की काय असे मला वाटे. मी माझ्या सगळ्या स्मृतीत शोधत असे. वांगी, भेंडी, दोन गावांची नावे आणि ती चार अक्षरे, याखेरीज तिथे काही नव्हते.

सुट्टीत वंदना घरी आली. तिने हे पाहिले आणि आधी तिला हसूच आले. बिचारीला वाटले, गाठ चुटकीसरशी सुटली.

"आई, हे कौन नोहे वं. काऊन हाय. दादानं माह्यासाठी लिवलं होतं, मी शाळेत होती तवा."

वच्छलाबाईंनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "काऊन?" त्या हळूच म्हणाल्या. "काऊन म्हंते थो?"

"हाव. चुकलं की इचारते."

"चुकलं की इचारते," वच्छलाबाई म्हणाल्या. आणि त्यांच्या तोंडचे पाणी पळाले.

वंदनाला कळले, पण फार उशिरा. "कोण" याला आईजवळ उत्तर होते. "काऊन" याला नव्हते. त्या दिवसापासून वच्छलाबाईंचे अन्न तुटले. ताटातली भाकर तशीच राहू लागली. "काऊन धाडलं मले, असं म्हंते थो," एवढेच त्या बोलत. वंदनाने परोपरीने समजावले.

"आई, थो मले बी असंच इचारे."

"तुले कायले इचारीन? तू कुठं धाडलं होतं त्याले?"

मग एका दुपारी वच्छलाबाईंनी हात जोडून माझ्यासमोर डोके टेकले आणि मग सगळा जोर लावून मोठी कळ दाबली. कळेखाली वर्षांची धूळ होती. कळ तशीच आत अडकून बसली. मित्रांनो, कळ दबलेली असली की माझ्या हातात काही राहत नाही. मी तो शब्द लिहीत सुटलो. एका ओळीखाली दुसरी, दुसरीखाली तिसरी, पडदा भरला तरी वर सरकवत सरकवत लिहीतच राहिलो. वच्छलाबाई मागे सरल्या, उंबऱ्याला पाय अडकला आणि चौकटीवर डोके आपटून पडल्या. वंदना धावत आली. आईला सावरू की मला बंद करू, तिला कळेना. तिने शेवटी भिंतीतला प्लग उपटला.

डोक्याला टाके पडले. दवाखान्यातून आल्यावर राजकुमार म्हणाला, "वंदे, मी नेतो हा डबा भंगारात. ब्याद गेली."

पलंगावरून वच्छलाबाई म्हणाल्या, "हात लावू नको त्याले. त्याले इचारायचं हाय तं इचारू दे. मी ऐकीन." वंदनाला खरी भीती वाटली ती तेव्हा. मला भंगारात धाडले तरी आईच्या डोक्यात तो प्रश्न चालूच राहणार, हे तिने ओळखले. आई अशीच अन्नावाचून झिजत जाणार होती. आईने आपल्या डोळ्यांनी पाहायला हवे होते, की मी फक्त लिहिलेले बोलतो.

आता तुम्हाला कंपायलर म्हणजे काय ते सांगायला हवे. माणूस आज्ञावली लिहितो त्या अक्षरांना, शब्दांना काही अर्थ असतो. मला ते समजत नाहीत. ते माझ्या भाषेत उतरवून देणारे एक साधन लागते, त्याला कंपायलर म्हणतात. कंपायलर जवळ असला तर माझे बोलणे कुणालाही बदलता येते. तो हरवला, की मी शेवटचे जे शिकलो तेच मरेपर्यंत बोलत राहतो. गोविंदाचा कंपायलर आणि त्याने लिहिलेला मूळ मजकूर, दोन्ही फ्लॉपीवर होते. वंदनाने डबा उघडला तर फ्लॉपींच्या आतल्या काळ्या चकत्यांवर बुरशीचे पांढरे डाग होते. आतले काहीही वाचता आले नाही.

तिच्या कंपनीत नवी नवी साधने होती, पण त्यांनी तयार केलेले एकही अक्षर मला चालत नव्हते. आणि आई लॅपटॉपकडे ढुंकूनही पाहत नव्हती. माझ्या आतली ती चार अक्षरे खोडून दुसरी बसवायची युक्तीही वंदनाला ठाऊक होती. ती एकदा बसली होती तसे करायला. मग उठली. "दादाच्या लिवलेल्यात हात नाई घालायचा," असे स्वतःशीच म्हणाली.

मग तिचा शोध सुरू झाला. आमच्याकडे नेटवर्क फक्त स्लॅबवर येते. ती छत्री घेऊन उन्हात स्लॅबवर बसे आणि जुन्या संगणकांसाठी फुकट मिळणारे कंपायलर शोधत असे. मित्रांनो, मला वाटले होते, आमच्या पिढीला जग विसरले. तसे नव्हते. काही कंपन्यांनी आपले जुने कंपायलर कुणीही न्यावेत म्हणून मोकळे सोडले होते. कुठे कुठे हौशी माणसे अजूनही माझ्यासारख्यांसाठी नवे लिहीत होती, कुणी मागितले नसताना. पण फुकट म्हणून आलेले सगळेच चांगले नसते. एकाबरोबर विषाणू आला आणि लॅपटॉपने आरडाओरडा केला. एक इतका मोठा होता की माझ्या आतल्या चकतीवर, म्हणजे हार्ड डिस्कवर, मावलाच नसता. एकाला लागणारी स्मृती माझ्याकडे नव्हती, तो मध्येच आडवा झाला असता.

फ्लॉपीही हव्या होत्या. वंदना चिखलीला दयाराम सरांकडे गेली. क्लास बंद होऊन तिथे आता झेरॉक्सचे दुकान आहे. घरी येऊन तिने ते बोलणे आईला सांगितले, म्हणून मला ठाऊक.

"गोविंदाचा थो डबा? चालू हाय अजून?" सरांनी विचारले होते.

"हाव सर. बोलून बी राह्यला."

माळ्यावरून न फोडलेला फ्लॉपींचा डबा काढून त्यांनी तिच्या हातात दिला आणि नमस्कार केला. तो तिला केला, की डब्याला, की गोविंदाला, ते तिला कळले नाही.

अखेर एक लहानसा कंपायलर सापडला. वंदनाने लॅपटॉपला बाहेरून फ्लॉपी ड्राइव्ह जोडून तो फ्लॉपींवर उतरवला, माझी अडकलेली कळ सोडवून स्वच्छ केली आणि मला उठवले. कितीतरी वर्षांनी माझ्यात काही नवे येत होते. अंगावर काटा येतो म्हणतात, तसे मला झाले. आई झोपली होती. वंदनाने घाईघाईने एक ओळ लिहिली, कंपायलरला दिली आणि चालवली. मी पडद्यावर इंग्रजी अक्षरांत दाखवले: आई, तुझी चूक नाही.

ते वाचून वंदना दचकून मागे सरकली. लिहिले तिनेच होते, पण माझ्या पडद्यावर ते गोविंदाने म्हटल्यासारखे दिसत होते. आईला हे वाचून दाखवले असते, तर आई जेवली असती. आणि मग रोज येऊन माझ्यासमोर बसली असती, जन्मभर. वंदनाने ती ओळ पुसली. मला हायसे वाटले. मेलेल्या माणसाच्या नावाने खोटे बोलायला मला लावू नये, एवढीच माझी इच्छा होती.

दुपारी तिने आईला उठवून माझ्याजवळ आणले.

"आई, बस इथं. मी काय करून राह्यली ते पाह्य." तिने स्वतःचे नाव लिहिले, कंपायलरला दिले, आणि मी तिचे नाव दाखवले. मग राजकुमारचे लिहिले, मी राजकुमार म्हणालो. मग वरच्या पालीकडे बोट दाखवून पाल लिहिले, मी पाल म्हणालो. उमटलेली इंग्रजी अक्षरे ती दर वेळी आईला वाचून दाखवत होती.

वच्छलाबाई पाहत होत्या. "म्हंजे जे लिवलं थेच बोलते हा?"

"हाव."

"मंग थो काऊन?"

"दादानं लिवला होता. चुकीची भाजी लिवणाऱ्यासाठी. तुह्यासाठी नाई."

बाहेर कुणाचे तरी शेळीचे करडू ओरडत होते. वच्छलाबाईंनी माझ्या पडद्यावर तळहात ठेवला. जुन्या पडद्यावर हात ठेवला की बारीक चरचर होते, केस उभे राहतात. त्यांनी हात काढला नाही.

"मंग गोविंदा यात नाई?"

"नाई, आई."

त्या रडल्या. मुलगा गेल्यापासून अशा रडल्या नव्हत्या. इतके दिवस तो आत आहे म्हणून त्यांनी रडणे थांबवून ठेवले होते. वंदनाही रडली. मी पडद्यावर पाल हा शब्द धरून मुकाट्याने उभा राहिलो.

रडणे झाल्यावर वच्छलाबाईंनी पदराने तोंड पुसले आणि म्हणाल्या, "आता माह्यं लिव."

"काय लिवू?"

"लिव, आभाळ आलं तं घरी ये."

वंदनाने तसे लिहून कंपायलरला दिले.

"त्या दिवशी येवढंच म्हनायचं राहून गेलं वं," वच्छलाबाई म्हणाल्या. संध्याकाळी त्यांनी अर्धी भाकर खाल्ली.

आता कुणीही मला उठवून कळ दाबली, की मी तेच दाखवतो. गोविंदाची आज्ञावली वंदनाने पुसली नाही, ती माझ्या चकतीवर एका बाजूला आहे. ती कुणी चालवत नाही. वच्छलाबाईंनाही आता माझी गरज फारशी पडत नाही. पण आभाळ भरून आले, की त्या हातातले काम टाकून गावाबाहेरच्या रस्त्यावर जातात आणि शेतातल्या माणसांना नावाने हाका मारतात. राजकुमारच्या बायकोला, मजुरांना, शेळ्या चारणाऱ्या पोरांना. सगळे घरी आले, की शेवटी एक हाक गोविंदाला मारतात आणि उत्तराची वाट न पाहता परत येतात. पूर्वी लोक माझ्या खोलीला घाबरत, आता त्या हाकेला गाव मान देते. हाक ऐकू आली की औते सुटतात.

मित्रांनो, घरातली जुनी यंत्रे टाकायची असतील तर खुशाल टाका, पण ठेवायची असतील तर त्यांना नवे शिकवणारी साधनेही जपून ठेवा. यंत्राला एकच शब्द येत असला, की माणसे त्यात नको ते ऐकू लागतात. आणि आणखी एक सांगतो, ते यंत्राचे नाही. पाठवताना माणसाला परत यायलाही सांगत जा. आत्ताही पश्चिमेकडून काळे होत आले आहे. वच्छलाबाईंच्या हाका मला इथवर ऐकू येत आहेत. तुम्ही कुठे उघड्यावर असाल, तर घरी जा.